अंगाला विचारणारे अप्पा

कापडाच्या धंद्यात पडलो त्या दिवशी मला पहिला हुकूम झाला तो असा : "धोतर राहू दे. त्याच्यावरनंच हे लुगडं नेस."

मी माकणीचा. उर्दू सातवी झालेला, मिशा नुकत्याच फुटलेल्या आणि त्या मिशांचा मला भलताच अभिमान. उमरग्याला मिलच्या विक्रीखात्यात माणूस घेतायत एवढं कानावर आलं, म्हणून वडलांची टोपी घालून पायी आलो होतो. गोदामात पाऊल टाकतो तर काय, दोन चांगले दांडगे मिशाळ गडी नऊवारी लुगडी नेसून, डोक्यावर घागरी घेऊन फेऱ्या मारतायत! मला वाटलं, वाट चुकून आपण कुठल्या तरी फडात शिरलो. मी चाचरत म्हणालो, "मला नाचता येत न्हाय. हिशेब येतो."

गादीवर बसलेल्या गृहस्थांनी मान वर केली. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, डोक्याला पटका, आणि नजर अशी की समोरच्याचं तोंड नंतर, सदरा आधी.

"हिशेब समद्यांनाच येतो," ते म्हणाले. "लुगडं येतं का?"

हे सिद्रामअप्पा. आमच्या मिलच्या निजाम इलाख्यातल्या विक्रीखात्याचे हेड. मिल सोलापूरकडची, म्हणजे इंग्रजांच्या मुलखातली. तिचा माल नळदुर्गावरनं लॉरीनं यायचा आणि सरहद्दीच्या अलीकडं निजामाच्या मुलखात जे काही खपायचं ते अप्पांच्या हातून. 'विक्रीखातं' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर मोठी कचेरी येईल. आमचं खातं म्हणजे एक गोदाम, एक बैलगाडी, बंद पडलेलं एक घड्याळ, आणि मला धरून तीन माणसं. बाकीचे दोघे म्हणजे ते घागरीवाले, हैदरभाई आणि मारुतराव. पण अप्पा बोलायचे असं की जणू त्यांच्या हाताखाली पलटण आहे. "उद्या परंड्यावर चाल करायची," म्हणायचे. आम्ही आपले पहाटे उठून गाडी जुंपायचो.

त्यांचा कायदा एकच होता. जे आपण अंगावर घातलं नाही ते विकायचं नाही. मिलकडनं नवा माल आला की गासडी फुटायची, त्यातला एक-एक नग आम्हा तिघांच्या अंगावर चढायचा, आणि आठ दिवस उतरायचा नाही. धोतर असलं तर नेसून नांगर धरायचा, विहिरीत उतरायचं, दगडावर आपटून धुवायचं. चादर असली तर तिच्यात झोपायचं. सदऱ्याचं कापड असलं तर शिवून घालायचं आणि काखेत फाटतं का ते बघायला हात वर करून झाडावर चढायचं. आठव्या दिवशी अप्पा गादीवर मांडी घालून बसत आणि एकेकाला विचारत, "अंगाला विचारलं का?"

त्यांचं हे पालुपदच होतं. तुम्ही म्हणालात, "अप्पा, कापड बरं आहे," की ते उसळायचे. "बरं हाय हे तू म्हणतुयास. अंग काय म्हणतं? मानंला टोचलं का? घामात चिकटलं का? नोडरी, तोंड खोटं बोलतं. अंगाला खोटं येत न्हाय." चिडले किंवा फार खूश झाले की त्यांच्या तोंडात कानडी यायची. नुसतं 'नोडरी' म्हणजे 'बघा हो'. पण ते ज्या सुरात म्हणत, त्यावरनं आम्ही आज जेवण वेळेवर मिळणार का नाही ते ओळखायचो.

एकदा मांजरपाटाच्या गासड्या आल्या. हैदरभाई मोठा मिस्कील माणूस. गंभीर तोंड करून म्हणतो, "अप्पा, ये कपडा लोगां कफन के वास्ते बी ले जाते. उसका कैसा करना? अंग को कैसा पूछना?"

अप्पांनी जरा वेळ खरोखर विचार केला. मग म्हणाले, "त्याचं गिऱ्हाईक तक्रार घेऊन माघारी येत न्हाय. त्याला सूट."

लुगड्यांतून मात्र सुटका नव्हती. खपाचा मोठा माल तोच. आणि नुसतं नेसून मिरवायचं नाही. जात्यावर बसायचं, पाणी ओढायचं, चुलीपुढं उकिडवं बसून फुंकायचं, शिडीवर चढायचं, वाकून शेण उचलायचं. मी पहिल्या दिवशी कुरकुरलो तेव्हा अप्पा म्हणाले, "बाई काय दिवसभर फोटो काढायला हुभी राहती व्हय रं? ती राबती. राबताना सुटलं तर तिनं लाज कुठं झाकायची? तू सांग." मी जात्यावर जाऊन बसलो. हैदरभाईचं दुखणं वेगळंच होतं. "अप्पा, मेरी बीवी देखी तो घर में नै लेती मेरेकू," म्हणून तो दार लावून नेसायचा.

नेसवायचे स्वतः अप्पा. आणि काय नेसवायचे! दोन झटक्यांत निऱ्या, एका हिसक्यात कासोटा, आणि मारुतरावासारखा रेडा माणूस लग्नातल्या करवलीसारखा सजून उभा. एवढं सफाईनं ह्या माणसाला कसं येतं, हे कोडं आम्हाला होतं. विचारायची छाती कुणाला झाली नाही.

पण ह्या खुळापायी माल असा खपायचा की बोलायची सोय नाही. परंड्याच्या एका शेटनं तक्रार केली की तुमच्या मिलचं लुगडं बुळबुळीत आहे, कासोटा टिकत नाही, बायका नावं ठेवतायत. दुसरा कुणी हेड असता तर चार गोड बोलला असता, दर कमी केला असता. अप्पांनी काय करावं? भर दुकानात शेटच्याच ठाणातलं एक लुगडं ओढलं, धोतरावरनं नेसलं, पदर खोचला आणि चालू लागले. पुढं अप्पा, मागं आम्ही, आमच्यामागं सगळं परंडा. किल्ल्याच्या तटावर चढले, उतरले, एका म्हातारीच्या डोक्यावरचा लाकडाचा भारा स्वतःच्या डोक्यावर घेऊन तिच्या घरापर्यंत पोचवला, आणि दुकानात येऊन शेटपुढं पाठ करून उभे राहिले. "बघा. सुटला का?"

शेट काही बोलणार तेवढ्यात आतल्या दाराआडून शेटाणीचा आवाज आला, "त्यांचं बराबर हाय. तुमाला काय कळतंय त्यातलं? गप घ्या की!" शेटनं नेहमीच्या दुप्पट माल घेतला.

मिलचे एक तरुण साहेब होते. टाय बांधायचे, सगळ्या इलाख्यांच्या विक्रीवर देखरेख त्यांची. ते एकदा न सांगता मोटारीतनं उमरग्याला आले. त्या दिवशी नेमकी लुगड्यांची आठ दिवसांची परीक्षा चाललेली, म्हणजे सातवा दिवस. अंगणात मी जात्यावर, मारुतराव शेणाची पाटी घेऊन, आणि हैदरभाई घागर घेऊन दारातच. साहेबांनी हैदरभाईला पाठमोरं बघितलं आणि अदबीनं विचारलं, "बाई, कंपनीचं ऑफिस इथंच का?" हैदरभाई वळला. ती दाढी, त्या मिशा, आणि तो पदर! साहेब दोन पावलं मागं सरकले ते मोटारीच्या दाराला धडकले. अप्पा आतनं शांतपणे म्हणाले, "या साहेब. बसा. सेल्स डिपार्टमेंट कामात हाय."

साहेबांनी ते मनात धरलं. आपल्या हाताखालचा म्हातारा आपल्याला हसतो, असं त्यांना वाटलं असावं. अप्पा हसले नव्हते. ह्या बाबतीत त्यांना हसू येतच नसे.

मग लढाई आली. लढाई कुठं जर्मनीत, पण तिच्यामुळं मिलला लागणारे परदेशी रंग बंद झाले. बाजारात कापडाची चणचण, लोक फाटक्याला ठिगळं लावून दिवस काढू लागले. आम्ही लॉरीची वाट बघत बसायचो. एका माघात लॉरी आली, गासड्यांनी गच्च भरलेली. आम्ही नाचायचंच बाकी ठेवलं होतं. पहिली गासडी फोडली. लुगडी होती. पांढरीफट्ट. काठ नाही, रंग नाही, कोरी पांढरी लुगडी. दुसरी फोडली, तीच. सगळ्या गासड्या त्याच.

पांढरं लुगडं आमच्याकडं कोण नेसतं हे सांगायला नको. नवरा गेलेली बाई.

बरोबर साहेबांचं पत्र होतं. मी वाचून दाखवलं. रंग नाही, तेव्हा आहे तो माल दोन महिन्यांत खपवावा. न खपल्यास निजाम इलाख्याच्या विक्रीचा कारभार आपल्याकडून काढून दुसऱ्या माणसाकडं दिला जाईल. अप्पांनी पत्र घडी करून गादीखाली ठेवलं. वीस वर्षं ह्या गादीवर बसलेला माणूस. ही गादी गेली तर त्यांनी काय करायचं, ह्याची आम्हालाच धडकी भरली.

हैदरभाई म्हणाला, "अप्पा, घबराव नक्को. कपडा मिलताच नै कहीं. लोगां सफेद बी ले लेंगे."

"घेतील," अप्पा म्हणाले. "तीच तर गोम हाय. उघडं राहण्यापरीस घेतील. नवरा जित्ता असताना पांढरं नेसतील, आरशात बघून रडतील, पर घेतील. म्हणूनच विकायचं न्हाय. अन् हे कुणी अंगावर बी घ्यायचं न्हाय."

अंगावर घ्यायचं नाही! अप्पांच्या तोंडून हे आम्ही पहिल्यांदा ऐकलं. आठ दिवस गेले, पंधरा गेले. गासड्या तशाच. दुकानदार येऊन हात जोडायचे, अप्पा नाही म्हणायचे. मला राहवेना. मी तेव्हा वयानं लहान आणि अकलेनं त्याहून लहान. मला वाटलं, अप्पांना त्यांच्याच कायद्यानं पटवावं. एका दुपारी ते विभूती लावून जेवायला बसायच्या आत मी गोदामात गेलो, पांढरं लुगडं काढलं, अप्पांनी शिकवलं तसं चापून नेसलं, आणि त्यांच्यापुढं येऊन उभा राहिलो. म्हणालो, "अप्पा, अंगाला विचारलं. कापड झकास हाय. विकू या."

त्यांनी वर बघितलं. मी त्यांना चिडलेलं बघितलं होतं, पण हे ते नव्हतं. त्यांच्या तोंडावरचं रक्तच उतरलं.

"सोड ते," ते म्हणाले. "नागनाथ, आत्ताच्या आत्ता सोड."

मी घाईघाईनं सोडू लागलो तर निऱ्यांत पाय अडकून पडलो. कुणी हसलं नाही. अप्पा उठून माझ्याजवळ आले, जमिनीवर बसले आणि ते लुगडं स्वतःच्या हातानं घडी करू लागले. घडी करता करताच बोलले. इतकं सलग ते कधी बोलले नव्हते.

"माझी गंगू तुमाला ठाव हाय." ठाऊक होती. अप्पांची एकुलती लेक, बापाकडंच राहायची. रोज आमच्यासाठी घरनं ताक-भाकरी यायची ती तिच्या हातची. "तिची आई लवकर गेली. पोरीला लुगडं नेसायचं वय आलं, शिकवायला घरात बाईमाणूस न्हाय. म्हून म्या शिकलो. शेजारच्या काकूच्या दारात बसून, निलाजऱ्यावानी, रोज बघून शिकलो. तिला पहिलं लुगडं म्या नेसवलं. हिरवं होतं, मोठ्या काठाचं. लई नाचली. वर्सभरात लगीन केलं. तिच्या चौदाव्या वर्सी जावई पटकीनं गेला, अन् पोर माघारी आली. लोक म्हणाले पांढरं आणा. ते बी म्याच नेसवलं. ह्याच हातानं." घडी पुरी झाली. "अंगाला काय विचारायचं सांगतूस मला? बारा वर्सं बघतूया की घरात."

मला त्या वेळी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मारुतरावानं डोळे पुसले. हैदरभाई उठला, बाहेर जाऊन उगीचच बैलांना पाणी दाखवून आला.

आत आला तो एक विचार घेऊनच. म्हणाला, "अप्पा, रंग मिल में नै है. जंगल में तो है ना?"

फाल्गुन लागत होता, आणि पळस सगळीकडं पेटल्यासारखा फुललेला. अप्पा एकदम ओरडले, "नोडरी!" तो सूर चांगला होता. आम्ही ओळखला.

दुसऱ्या दिवसापासनं निजाम इलाख्याचं विक्रीखातं रानोमाळ फुलं वेचू लागलं. अंगणात चुलवाणं पेटलं, कढई चढली, फुलं उकळली, पहिली तीन लुगडी पिवळीधमक होऊन निघाली. वाळल्याबरोबर आमच्या अंगावर चढली, अर्थातच. आम्ही पाणी ओढलं, घामाघूम झालो, आणि संध्याकाळी लुगडी उतरवली तर आम्ही तिघं नखशिखांत पिवळे! उमरग्याच्या बाजारात आठ दिवस लोक आम्हाला थांबवून विचारत होते की हळद लागली, आता मांडव कधी? हैदरभाईच्या बायकोनं खरंच त्याला दोन दिवस ओसरीवर झोपवला.

"अंगानं सांगितलं," अप्पा म्हणाले. "रंग कच्चा हाय." असं म्हणून ते स्वतः गावातल्या म्हाताऱ्या रंगाऱ्याकडं गेले. मिलचे रंग आल्यापासनं त्या बिचाऱ्याचं काम बुडालेलं. आधी त्यानं अप्पांना दारात उभं करून मिलच्या नावानं यथेच्छ शिव्या दिल्या. अप्पांनी सगळ्या ऐकून घेतल्या. मग तो काठी टेकत आला. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात, मग तुरटीत, मग फुलांत, अशी त्यानं आम्हाला रीत घालून दिली. ह्या वेळी आम्ही लुगडी नेसलो, राबलो, धुतली, पुन्हा नेसलो. अंग जसंच्या तसं राहिलं आणि लुगडं आता केशरी निघालं ते केशरीच राहिलं. अप्पा त्या दिवशी पोटभर जेवले.

पुढचा महिना कसा गेला ते आमचं आम्हाला माहीत. रात्रंदिवस म्हणत नाही, पण दिवस तर सगळा कढईपाशीच. लुगडी वाळली की गाडीत, गाडी बाजाराला. उमरगा, मुरूम, नळदुर्ग. बायका दुकानात आत येऊन स्वतः लुगडं हातात घेऊ लागल्या. त्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या कुठल्याही विहिरीवर जा, केशरी पदर दिसायचाच.

मुदत संपली त्या दिवशी टायवाले साहेब हजर. बरोबर नवा हेड, तोही टायवाला. गोदामाचं दार उघडलं तर आत एकही गासडी नाही. साहेबांनी कढई बघितली, आमची पिवळी नखं बघितली आणि तापले. कंपनीचा माल बदलायची परवानगी तुम्ही कुणाची घेतली?

"नेसणारीची," अप्पा म्हणाले.

"आणि माल परत आला असता तर?"

"आला का?" अप्पा गादीवरनं हललेसुद्धा नाहीत. "साहेब, मला काढायचं तर काढा. ह्या नव्या पाव्हण्यांना गादी देतो. फकस्त आमच्या खात्याची एक रीत हाय, ती त्यांना मान्य पायजे. नागनाथ, आपलं परीक्षेचं एक लुगडं आण रं."

नव्या हेडनं मारुतरावाकडं बघितलं, मारुतरावाच्या हातातल्या शेणाच्या पाटीकडं बघितलं, आणि साहेबांच्या कानात काहीतरी सांगितलं. मोटार आली तशी गेली. अप्पा गादीवर राहिले ते राहिलेच.

मला वाटलं, आता अप्पा पेढे वाटणार. पण ते उठून आत गेले आणि कापडात गुंडाळलेलं काहीतरी काखेत मारून बाहेर आले. "चल माझ्यासंगं," मला म्हणाले. दिवस अजून मावळायचा होता. घराशी आलो तर गंगूताई अंगणात भांडी घाशीत होत्या. पांढऱ्या लुगड्यात. अप्पा जोत्यावर बसले, पुडकं मांडीवर घेतलं, आणि बसूनच राहिले. परंड्याच्या शेटला गप्प करणारा, साहेबाला दारातनं माघारी धाडणारा हा माणूस, पुडक्याची गाठ सोडत-बांधत राहिला.

शेवटी मला कोपरानं ढोसलं. हळूच म्हणाले, "तू सांग. मला जमायचं न्हाय."

मी काय सांगणार? मी पुडकं उचललं आणि गंगूताईंच्या पुढं नेऊन ठेवलं. एवढंच म्हणालो, "ताई, पक्क्या रंगाच्या पहिल्या घाण्यातलं हाय. अप्पांनी तुमच्यासाठी राखून ठेवलंय."

त्यांनी हात पुसले. पुडकं उघडलं. केशरी लुगड्यावर नुसता तळवा ठेवला आणि बापाकडं बघितलं. "लोक काय म्हणतील, अप्पा?"

"म्हणू देत," अप्पा कसेबसे म्हणाले. "म्या ऐकून घेतो."

त्या आत गेल्या. दार लागलं. आम्ही दोघं जोत्यावर बसून. आत काही वाजत नव्हतं. मला वाटलं, नेसणार नाहीत. अप्पांनाही तेच वाटलं असणार, कारण त्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला. बऱ्याच वेळानं दार उघडलं.

सव्वीस वर्षांच्या बाईचं तोंड मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं. इतके दिवस पांढऱ्या पदराखाली ती कुणी म्हातारी आहे असंच आम्ही धरून चाललो होतो. त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या, पदराचं टोक बोटांत धरून उलटसुलट बघितलं, आणि दुकानात आलेल्या कुठल्याही गिऱ्हाइकासारखं म्हणाल्या, "ह्याला काठ न्हाय ओ, अप्पा."

अप्पा उठले. उठताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. ते रडत होते, आणि लपवत नव्हते.

"व्हय गं माय," ते म्हणाले. "चुकलं माझं. बारा वर्सं आधीच आणाया पायजे हुतं."